निळ्या गाडीची दुसरी चावी

१

गाडीच्या पुढच्या बंपरखाली मी टॉर्च धरला आणि जमिनीवर आडवी होऊन नीट पाहिलं.

बंपरची खालची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून निघाली होती. रोजच्या वापरात पडणारे बारीक ओरखडे नव्हेत हे. कोणीतरी ही गाडी उंचवट्यावर सरळ घातली होती आणि आवाज ऐकूनही पुढे रेटली होती.

"ताई, किती कमी करून मागू?" मागून माझा धाकटा भाऊ कुजबुजला. त्याला गाडी हवी होती आणि स्वस्तात हवी होती. मी त्याला गप्प बस म्हणून हाताने खुणावलं.

मी दुसऱ्यांच्या गाड्या पारखते. वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायची झाली की लोक मला बरोबर नेतात. गाडीची मूळ किंमत काय, कोणालाही पाठ असते. माणूस बुडतो तो ऑप्शनमध्ये, म्हणजे वर जादा पैसे देऊन घेतलेल्या सोयींमध्ये. कुठल्या ऑप्शनचे पैसे विकताना परत येतात आणि कुठला नुसता मिरवायला घेतलेला असतो, हे मी तोंडावर सांगते. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं बरीच आणि मित्र कमी.

या निळ्या गाडीचा मालक दातांचा डॉक्टर होता. तीन महिन्यांपूर्वी घाटातल्या कड्याखाली तो मरून पडलेला सापडला. गाडी वर पार्किंगमध्ये उभी होती, चावी आतच. पोलिसांनी आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं. आता त्याची बायको गाडी विकत होती, आणि गॅरेजच्या दारात पदर बोटाला गुंडाळत उभी होती.

"वहिनी, हे खरवडलेलं कधीचं?" मी विचारलं.

"खरवडलंय?" त्यांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "शक्यच नाही हो. हे एवढं जपायचे." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे रबर ठोकलेल्या दोन जाड फळ्या उभ्या होत्या. "आमच्या फाटकाचा उतार उभा आहे. चाकांखाली फळ्या मांडल्याशिवाय गाडी आतबाहेर करायचे नाहीत. बाहेर कुठे उंचवटा आला तरी तिरकी घ्यायचे, मुंगीच्या पावलांनी. मी थट्टा करायची, वरात निघाली म्हणून."

"फळ्या मी मांडायचे," आतून आवाज आला.

ती त्यांची लेक. वय अठराच्या आसपास, घरात तिला ठमी म्हणत. एवढी वाळली होती की अंगातला सदरा दुसऱ्या कोणाचा वाटत होता.

"त्या दिवशी सकाळी नाही मांडल्या," ती म्हणाली. "मी म्हटलं, तुमची लाडकी लेक ती गाडी आहे, मी नाही. तिच्यासाठी तुम्हीच वाका. बाबा काही बोलले नाहीत. वाकले आणि मांडल्या. परत आलेच नाहीत."

तिची आई तिच्याकडे धावली, पण ती आत निघून गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"तिला वाटतं तिच्यामुळे गेले," वहिनी म्हणाल्या. "जेवत नाही. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, ताई. मला आता तिची भीती वाटते."

भाऊ माझ्या कानाशी आला. "जीव द्यायला निघालेला माणूस बंपर कशाला जपेल?"

बरोबर होतं त्याचं. मी वहिनींना विचारलं, "पोलिसांना वर गाडी कशी लावलेली दिसली?"

"दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध. खिडक्या बंद. हे नेहमी लावायचे तशीच."

बंपरची पर्वा नाही आणि रेघांची आहे. असा माणूस मी पाहिलेला नाही.

२

मी गाडीत बसले आणि ती सुरू केली. गिअरच्या मागे बटणांची एक ओळ होती. पहिलं दाबलं तशी गाडी अशी गुरगुरली की वहिनी दचकून मागे सरकल्या. सायलेन्सर उघडायचं बटण ते. मी लगेच बंद केलं.

"हे बटण ते कधी दाबायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "शेजारी तान्हं बाळ आहे. पुढे सवयच गेली."

ओळीत नाक उचलायचं बटण मात्र कुठेच नव्हतं. अशा गाड्या जमिनीला चिकटून चालतात. म्हणून कंपनी जादा पैसे घेऊन एक सोय देते: बटण दाबलं की पुढचा भाग वर उचलला जातो आणि उंचवटा सुखाने पार होतो. डॉक्टरांनी ती घेतली नव्हती, म्हणून तर फळ्या.

"गाडीला अजून कोणी किंमत दिलीय का?" मी विचारलं.

"भाऊजींनी. यांचे दवाखान्यातले भागीदार." त्यांनी आकडा सांगितला आणि माझा भाऊ मटकन खाली बसला.

मी तो आकडा मनात दोनदा घोळवला. तो कमी नव्हता. वेड लागल्यासारखा जास्त होता. मोजके ऑप्शन, बंपर फाटलेला, मालकाचं असं मरण. अशा गाडीला कोणी शहाणा माणूस निम्मेही देणार नाही.

"गाडी बघून गेले ते?"

"नाही. म्हणाले, बघायची गरज नाही. मित्राची आठवण म्हणून घेतो, दुसऱ्या कोणाला दाखवू नका. आठवड्याभरात नेतो. चांगले आहेत हो. हे गेले त्या संध्याकाळी यांची दाढ ठणकत होती, तर भाऊजींनीच दवाखाना सुटल्यावर बघितली."

कमी किंमत देणारं गिऱ्हाईक मला कळतं. न बघता जास्त देणाऱ्याची मला भीती वाटते. त्याला गाडी नको असते, गाडी दुसऱ्या कोणी बघू नये एवढंच हवं असतं.

३

गाडी ज्याने विकली तो शोरूममधला विक्रेता मला बघून चपापला. आमचं जुनं वाकडं आहे. त्याने गळ्यात बांधलेले कितीतरी ऑप्शन मी गिऱ्हाइकांकडून रद्द करून घेतलेत.

"डॉक्टरांचं आणि तुझं भांडण झालं होतं म्हणे," मी अंधारात खडा टाकला.

त्याने घाम पुसला. "रंगावरच्या लेपाचे पैसे जास्त लावले म्हणून ओरडले होते. परत दिले मी. ताई, उगाच मला यात ओढू नका. पोलीस येऊन गेलेत."

"त्या गाडीला नाक उचलायची सोय का दिली नाहीस?"

"मी नाही दिली?" त्याला खरंच लागलं. "पाया पडायचंच बाकी राहिलं होतं. शेवटी मीच त्यांना तिरकी घ्यायला शिकवलं, फळ्यासुद्धा मीच कापून दिल्या. बजेट ठरलेलं होतं त्यांचं. एकतर नाक, नाहीतर दुसरी चावी. त्यांनी चावी घेतली."

"कसली चावी?"

"ठरावीक वेगाची. त्या चावीने गाडी सुरू केली की ती रिक्षाच्या पुढे जात नाही, कितीही दाबा." तो ओशाळून हसला. तसल्या चावीची मी जगभर टिंगल केलीय हे त्याला ठाऊक होतं. स्पोर्ट्स कार घ्यायची आणि तिला लगाम घालायला वर पैसे द्यायचे, याहून मोठी उधळपट्टी मला सुचत नसे.

"कोणासाठी घेतली?"

"लेकीसाठी. लायसन मिळालं की हातात ठेवणार होते. तोवर कोणाला बोलू नको म्हणाले." मग तो म्हणाला, "त्यांच्या भागीदाराचं बरं होतं. त्याच दिवशी, त्याच मॉडेलची लाल गाडी. एकेक ऑप्शन उचलला. किंमत विचारलीसुद्धा नाही."

"दवाखाना तर दोघांचा निम्मा-निम्मा."

"मला काय माहीत? मी गाड्या विकतो, ताई."

मी बाहेर आले आणि फुटपाथवर उभी राहिले. चावीचं ठमीला जाऊन सांगावं असं फार वाटत होतं. पण सांगून काय होणार होतं? बापाने तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू बोललीस म्हणून जीव दिला. त्या पोरीने उरलंसुरलंही सोडून दिलं असतं. आधी खरं काय ते कळायला हवं होतं.

४

कड्यावर जाणारा रस्ता वर पार्किंगपाशीच संपतो. पार्किंगच्या तोंडाशी आडवा, जाडजूड उंचवटा आहे. त्याच्या अलीकडे एक रोपवाटिका. ती चालवणारी बाई कुंड्या धूत होती. मी विषय काढताच तिने हात पुसले.

"पाहिलं नाही मी काही. अंधारून आलं होतं आणि मी आत होते. पण ऐकलं. गाडी हळू आली, उंचवट्याशी थांबल्यासारखी झाली, आणि एकदम ओरडली. मोठ्याने. मग लगेच कर्रकन घासल्याचा आवाज. पोलिसांना सांगितलं मी. ते म्हणाले, माणूस रागाच्या भरात असेल."

"आधी ओरडली, मग घासली? नक्की?"

"माझा जन्म गेला या उंचवट्याशेजारी. घासून मग शिव्या देणारे रोज ऐकते. आधी ओरडणारी ती एकच."

उंचवट्याशी गाडी थांबते, कोणीतरी बटण दाबतो, आणि दाबून निर्धास्तपणे पुढे जातो.

"त्यांची मुलगी येते इथे," बाई आवाज खाली आणून म्हणाली. "एकटी, बसने. कठड्यावर चढून बसते, पाय पलीकडे सोडून. मी झारी घेऊन जवळ जाते, उगाच गप्पा मारते. पण मी रोज असेन असं नाही ना. काल तर म्हणाली, मावशी, उद्यापासून नका येऊ माझ्या मागे."

मी तिथूनच वहिनींना फोन लावला. ठमी घरात आहे म्हणाल्या. तिला एक क्षणही एकटी सोडू नका, एवढंच मी सांगितलं.

५

भागीदाराच्या दवाखान्यात बाहेर एक म्हातारे गृहस्थ गाल धरून बसले होते. "कृत्रिम दाताचा स्क्रू वरच्या प्रतीचा म्हणून पैसे घेतले," ते स्वागताच्या टेबलावरल्या मुलीला सांगत होते, "आणि वर्षाच्या आत स्क्रू हलतोय." त्या मुलीने नजर चुकवली. तिच्या मागे भिंतीवर गेलेल्या डॉक्टरांच्या सहीची पाटी होती: इंजेक्शननंतर गुंगी राहते, घरी जाताना गाडी स्वतः चालवू नये.

मी ती पाटी दोनदा वाचली.

भागीदार उंच, गोड बोलणारा, आणि त्याचे दात एकसारखे. लाल गाडीचं कौतुक करताच खुलला, मला खाली तळघरात घेऊन गेला आणि शेजारी बसवून गाडी बाहेर काढायला लागला. तळघराच्या तोंडाशी चढण होती. माझ्याशी बोलत, माझ्याकडेच बघत त्याने हात मागे नेला आणि गिअरमागचं पहिलं बटण दाबलं. गाडीचं नाक अलगद वर आलं.

"बघावं लागत नाही," तो हसला. "बोटांनाच माहीत आहे."

लाल गाडीत सायलेन्सरचं बटण दुसरं होतं. निळीत नाकाची सोयच नव्हती, म्हणून तेच सरकून पहिल्या जागी आलं होतं. मला सगळं उमगलं, आणि मी त्या माणसाच्या शेजारी, तळघरात, बंद गाडीत बसले होते.

"निळी मी घेतोय," तो म्हणाला. "तुम्ही कशाला कष्ट घेता?"

"माझं काय जातंय, घ्या की," मी म्हटलं. "वहिनींनी फक्त कागदावर किंमत लिहून मागितलीय. उद्या सकाळी एक फेरी मारू. तुम्ही चालवा, मी इंजिन ऐकते. मग गाडी तुमची."

त्याने मला जरा निरखून पाहिलं. "चालेल."

संध्याकाळी मी इन्स्पेक्टरकडे गेले. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "बटणाच्या सवयीवर मी माणूस उचलू शकत नाही, बाई," तो म्हणाला. "काहीतरी हातात द्या."

६

सकाळी वहिनींच्या गॅरेजमधून मी फळ्या काढून ठेवल्या. भागीदाराच्या हातात चावी दिली. माझ्या पर्समधला फोन चालू होता आणि पलीकडे भाऊ ऐकत होता. त्याला मी गल्लीच्या टोकाशी त्याच्या गाडीत बसवून ठेवलं होतं.

फाटकाचा उतार आला. भागीदार थांबला. माझ्याशी हवापाण्याचं बोलत त्याने हात मागे नेला आणि पहिलं बटण दाबलं.

गाडी ओरडली. शेजारचं बाळ रडायला लागलं. आणि बंपर कर्रकन घासला.

त्याने बटणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण मला ते कधी जमलेलं नाही.

"नाक उचलत नाही वाटतं ही," तो हळूच म्हणाला.

"नाही. त्या संध्याकाळीही उचललं नव्हतं."

त्याने डावीकडे वळायला हवं होतं. उजवीकडे वळला. घाटाच्या रस्त्याला.

"पट्टा लावलाय ना तुम्ही?" त्याने विचारलं. तोच गोड आवाज. मला आईची आठवण आली, काही कारण नसताना.

"गुंगीच्या माणसाला तुम्हीच वर आणलंत," मी म्हणाले. बोलत राहिले नसते तर ओरडले असते. "तुम्ही हलक्या प्रतीचे स्क्रू घालून वरचे पैसे घेता, हे डॉक्टरांना कळलं होतं. त्याच पैशातून लाल गाडीचे सगळे ऑप्शन."

"तो पेशंटना बोलावून सांगणार होता," भागीदार म्हणाला. "एकेकाला. मी म्हटलं, परत देतो हळूहळू. ऐकेना. दाढ दुखते म्हणून माझ्याच खुर्चीत बसला आणि मलाच अक्कल शिकवत होता. कड्यापर्यंत झोपून होता. त्याला कळलंसुद्धा नाही, एवढं तरी मी केलं. मग मागच्या पायवाटेने उतरलो आणि बस पकडली." वळण आलं. डाव्या हाताला दरी उघडली. "आता तुम्ही. नवीन गाडी, अनोळखी रस्ता, वेग जास्त झाला. तुमचा पट्टा निघाला आणि मी वाचलो. लोक हळहळतील."

त्याने पाय दाबला.

गाडी तशीच चालत राहिली. रिक्षाच्या वेगाने. त्याने पुन्हा दाबला, टाच आपटली. इंजिन नुसतं कुरकुरलं. एक दूधवाला मोटरसायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला.

"काय केलंत तुम्ही?" पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला.

मी काहीच केलं नव्हतं. आदल्या रात्री वहिनींकरवी डॉक्टरांच्या कपाटातून शोधून घेतलेली दुसरी चावी दिली होती. जिची मी आयुष्यभर टिंगल केली तीच.

त्याने वळायलाही बघितलं, पण आरशात माझ्या भावाची गाडी दिसली आणि तो वरच निघाला. कठडा जवळ येत होता. एवढ्या वेगानेही तो तुटला असता. माझे हात पट्ट्यावर होते आणि ऐकत नव्हते. मी त्यांना मनात शिव्या घातल्या.

मग उंचवटा आला. आणि तो माणूस, खून करून बसलेला आणि दुसऱ्याच्या तयारीत असलेला, उंचवटा बघून थांबला. त्याचा हात मागे गेला. त्याच्याही नकळत, मी शपथेवर सांगते. गाडी ओरडली, मी पट्टा सोडला, दार ढकललं आणि रस्त्यावर कोसळले.

कोणीतरी मला काखेत धरून ओढलं. रोपवाटिकेची बाई होती. भावाने आपली गाडी उंचवट्यावर आडवी लावली. पुढे कठडा, मागे आम्ही. भागीदार पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला, पोलीस येईपर्यंत. त्याने ती दोन रेघांच्या मधोमध लावली होती.

७

भावाने ऐकलेलं आणि फोनमध्ये साठलेलं इन्स्पेक्टरला पुरलं. नंतर त्या बसचा कंडक्टरही सापडला.

माझ्या गुडघ्याला पट्टी होती. वहिनींच्या घरी ठमी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न गाळता. झोपेत गेले, ते स्वतः गेले नाहीत, हे दोनदा सांगितलं. ती रडली नाही. तिचा विश्वास बसत नव्हता.

"पण मी बोलले ते बोललेच ना," ती म्हणाली. "गाडी लाडकी होती त्यांची. माझ्यापेक्षा."

मग मी चावी तिच्या हातात ठेवली.

"गाडीचं नाक वर करायची सोय घ्यायची का ही चावी, असं दुकानात विचारलं होतं त्यांना. ही चावी नवशिक्यासाठी असते. गाडी पळत नाही हिने. तुझं लायसन झालं की देणार होते. बंपर घासू नये म्हणून रोज वाकायची तयारी होती त्यांची, पण तुझ्या हातात गाडी धोक्याची नको होती."

ठमीने चावी उलटी-सुलटी करून पाहिली. मग ती आईच्या कुशीत शिरली आणि अशी रडली की मी उठून बाहेर गेले. माझं तिथे काम नव्हतं.

गॅरेजपाशी भाऊ घुटमळत होता. "ताई, आता तरी किती म्हणून सांगू?"

"गाडी विकायची नाही," मागून ठमी म्हणाली. डोळे सुजलेले, हातात चावी. ती आमच्यामधून पुढे गेली, भिंतीशी ठेवलेल्या फळ्या तिने एकेक करून उचलल्या आणि फाटकाच्या उतारावर नीट मांडल्या.